कॅथलिक शाळेत 'ब्रिटिश मूल्यं' शिकवायची म्हणजे नेमकं काय शिकवायचं?

कोव्हेंट्रीकर (धागाकर्ता)

मंडळी, एक काम अंगावर आलंय आणि त्यात तुमची डोकी हवी आहेत.

आमच्या मुली इथल्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेत जातात. आम्ही कॅथलिक नाही. घरी गणपती बसतो, शाळेत मुली 'हेल मेरी' म्हणतात, आणि दोन्हीकडे खाऊ मिळत असल्याने त्यांची काही तक्रार नाही. इंग्लंडमधल्या कॅथलिक शाळांत एक तृतीयांशाहून जास्त मुलं कॅथलिक नसतात, तेव्हा आम्ही काही जगावेगळे नाही. शाळेचा कारभार बघणाऱ्या मंडळात, पालकांतून निवडायच्या गव्हर्नरच्या (सदस्याच्या) जागेवर मी बिनविरोध गेलो (कोणी उभंच राहिलं नाही) आणि मंडळाने पहिलंच काम दिलं ते हे: शाळेच्या संकेतस्थळावरचं 'ब्रिटिश मूल्यं' हे पान नव्याने लिहा.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सरकारी यादीत चार गोष्टी आहेत: लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, आणि वेगळ्या श्रद्धांच्या लोकांबद्दल परस्पर आदर व सहिष्णुता. ही यादी शिक्षणखात्यात जन्मली नाही. ती आली २०११ च्या 'प्रिव्हेंट' या दहशतवादविरोधी धोरणातून. २०१२ मध्ये ती शिक्षकांच्या आचारसंहितेत शिरली, पण तिथे अपेक्षा एवढीच होती की शिक्षकाने या मूल्यांना धक्का लावू नये. मग २०१४ मध्ये बर्मिंगहॅमचं 'ट्रोजन हॉर्स' प्रकरण गाजलं. कट्टर मुस्लिम गट काही शाळा ताब्यात घेताहेत असं सांगणारं एक निनावी पत्र बाहेर आलं. मायकेल गोव्ह शिक्षणमंत्री होते. 'धक्का लावू नका'चं 'सक्रियपणे रुजवा' झालं, आणि त्याच नोव्हेंबरात शाळांसाठी मार्गदर्शिका निघाली. तेव्हापासून ऑफस्टेडचे, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचे, निरीक्षक याबद्दल विचारतात.

आमच्या शाळेचं सध्याचं पान असं: वर युनियन जॅक, बाजूला बिग बेन, खाली चार शीर्षकं. लोकशाही: आम्ही स्कूल कौन्सिल निवडतो. कायदा: आमच्या वर्गाचे नियम आहेत. स्वातंत्र्य: मुलं शाळेनंतरचे क्लब निवडतात. आदर: आम्ही दिवाळी साजरी करतो. प्रत्येकाखाली बायबलमधलं एक वचन डकवलेलं. इतर कॅथलिक शाळांची पानं उघडून पाहिली, बहुतेक ठिकाणी हेच.

माझं मत सरळ सांगतो. या मूल्यांचा धडा द्यायला कॅथलिक शाळेला बाहेरून काही आणायची गरजच नाही, कारण या देशात ही मूल्यं ज्यांना नाकारली गेली त्यांत कॅथलिक पहिल्या रांगेत होते. शाळांची नावं बघा: टॉमस मोर, जॉन फिशर, मार्गारेट क्लिदरो, एडमंड कॅम्पियन. आठवा हेन्री चर्चचा प्रमुख आहे हे मानायला नकार दिला म्हणून १५३५ च्या जूनमध्ये फिशरचं आणि जुलैमध्ये मोरचं डोकं उडवलं. यॉर्कच्या एका खाटकाची बायको मार्गारेट. तिने घरात धर्मगुरू लपवले, कोर्टात जबाब द्यायला नकार दिला, आणि १५८६ मध्ये तिला दगडांच्या वजनाखाली चिरडून मारलं. १८२९ पर्यंत कॅथलिक माणसाला पार्लमेंटात बसता येत नव्हतं. डॅनियल ओकॉनेल १८२८ मध्ये आयर्लंडमधल्या क्लेअरमधून निवडून आला तरी खासदाराला घ्याव्या लागणाऱ्या कॅथलिकविरोधी शपथेमुळे त्याचं बसायचं अडलं, तेव्हा कुठे सरकार हललं. आणि कॅथलिकांना दार उघडताना आयर्लंडमधल्या, चाळीस शिलिंग वार्षिक मोलाच्या जमिनीवर मत मिळालेल्या गरीब शेतकऱ्यांचं मत मात्र काढून घेतलं, मताची पात्रता दहा पौंडांवर नेली. लोकशाही म्हणजे काय हे शिकवायला यातलं काहीही घ्या. आमच्या पानावर त्याऐवजी स्कूल कौन्सिलने निवडलेला जेवणाच्या हॉलचा रंग आहे.

अडचण येते दुसऱ्या मूल्यापाशी. ज्यांची नावं शाळांना दिली आहेत ते सगळे त्या त्या वेळच्या कायद्याने गुन्हेगार होते. २०१४ ची मार्गदर्शिका म्हणते की देशाचा कायदा आणि धर्माचा कायदा यांतला फरक मुलांना कळला पाहिजे. मोरला तो चांगलाच कळत होता. तो वकील होता, लॉर्ड चॅन्सलर होता. पण दहा वर्षांच्या पोरांना हे सांगायचं कसं? की सांगूच नये? मला वाटतं सांगावं. तुम्ही बोला.

फळा_खडू

मी एका कॅथलिक माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते, म्हणून आधी तुमची भीती कमी करते. ऑफस्टेडवाले ते पान वाचून मार्क देत नाहीत. ते मुलांशी बोलतात. वर्गात, जेवणाच्या रांगेत, मैदानावर. 'वेगळ्या धर्माचं कोणी वर्गात आहे का, त्याच्याशी कसं वागता' असं साधंसुधं विचारतात आणि 'वैयक्तिक विकास' या सदरात लिहितात. धर्मशिक्षण आणि प्रार्थना हा त्यांचा विषय नाही. ते तपासतात बिशपांच्या बाजूचे लोक. २०२२ पासून त्यासाठी कॅथलिक स्कूल्स इन्स्पेक्टोरेट आहे, त्याआधी प्रत्येक धर्मप्रांत आपापलं बघायचा. म्हणजे कॅथलिक शाळेला सासवा दोन. एक विचारते पुरेशा ब्रिटिश आहात ना, दुसरी विचारते पुरेशा कॅथलिक आहात ना. दोघींना खूश करायच्या नादात अशी मिळमिळीत पानं तयार होतात.

१८२९ मी वर्गात वाद म्हणून घेते. एक गट वेलिंग्टनचा, कारण पंतप्रधान तो होता आणि त्याला मनातून हे नको होतं. दुसरा ओकॉनेलचा. तिसरा गट मत गेलेल्या शेतकऱ्यांचा. या तिसऱ्या गटातली मुलं नेहमी जास्त चिडतात. 'आम्ही ओकॉनेलला निवडून दिलं आणि आमचंच मत गेलं?' हे त्यांचं त्यांना सुचतं, मला काही बोलावं लागत नाही.

प्राथमिकला मोर चालेल का? चालेल. डोकं उडवणं मुलांना आवडतंच. :)

खवचट_खापर

कायद्याचं राज्य म्हणे ब्रिटिश मूल्य! १९१९ च्या रौलट कायद्याला आपले लोक 'ना वकील, ना दलील, ना अपील' म्हणायचे. तेही त्या पानावर टाका, बिग बेनच्या शेजारी.

चालू द्या. बसलोय.

कोव्हेंट्रीकर

खापरराव, तुम्ही येणार हे ठाऊक होतं. :) गंमत तुमच्या मुद्द्याच्याही पुढची आहे. मूल्यं 'ब्रिटिश', पण शिक्षणखात्याची ही सक्ती फक्त इंग्लंडातल्या शाळांवर. स्कॉटलंडचं शिक्षण स्कॉटलंड बघतं. तिथे कॅथलिक शाळा १९१८ च्या कायद्याने सरकारी व्यवस्थेत आल्या, आणि ग्लासगोच्या कॅथलिक शाळेच्या डोक्याला हा ताप नाही.

सांडोरचा_पोर

मी वसईचा, मराठी कॅथलिक. लंडनमध्ये राहतो, मुलगा कॅथलिक शाळेत. धागाकर्त्यांचं बरंचसं पटलं, पण दोन गोष्टी.

पहिली. ही शंका नवी नाही. 'हे लोक पोपचे की राणीचे?' हा प्रश्न १८७४ मध्ये खुद्द ग्लॅडस्टनने छापून विचारला होता. पंतप्रधानपद नुकतंच गेलेला, पुढे पुन्हा त्याच खुर्चीवर बसलेला माणूस. १८७० मध्ये रोममध्ये पोपच्या अचूकतेचा सिद्धांत जाहीर झाला होता. मग कॅथलिक माणूस निष्ठावान नागरिक कसा असेल, असा त्याचा सवाल. बर्मिंगहॅमच्या जॉन हेन्री न्यूमनने पुढच्याच वर्षी उत्तर दिलं. त्याचा गाभा असा की माणसाची सदसद्विवेकबुद्धी पहिली, पोप त्यानंतर. हा न्यूमन २०१९ मध्ये संत जाहीर झाला, आणि त्याची ऑरेटरी (धर्मगुरूंचा मठ) बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टनमध्ये आहे. कोव्हेंट्रीहून शाळेची सहल सहज जाते. व्यक्तिस्वातंत्र्यासाठी क्लबची यादी कशाला हवी?

दुसरी गोष्ट जरा टोचणारी. तुम्ही आमच्यावर झालेला जुलूमच सांगणार असाल तर तो अर्धा इतिहास. मोर स्वतः चॅन्सलर असताना सहा जणांना पाखंडी म्हणून जाळलं. मेरी ट्यूडर कॅथलिक राणी. तिच्या पाच वर्षांत सुमारे २८० प्रॉटेस्टंट जाळले. त्यांतले तिघे १५५५ मध्ये तुमच्या कोव्हेंट्रीत. गावात स्मारक आहे, बघितलंय का? आणि चर्चचं अधिकृत मत म्हणाल तर १८६४ मध्ये पोप नववे पायस यांनी धर्मस्वातंत्र्याला चुकांच्या यादीत टाकलं होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ते उलटं फिरवलं डिसेंबर १९६५ मध्ये. माझे वडील तेव्हा शाळेत होते. म्हणजे या बाबतीत आमचं चर्चही तसं नवशिकंच.

मी हे आमच्या पॅरिशमध्येही बोलतो, म्हणून इथे बोलायला संकोच नाही.

स्विंडनचो_गोंयकार

वसईवाल्यांना देव बरें करूं. इथे मराठी लोकांना जवळची एक गोष्ट सांगतो. आमच्या स्विंडनात गोंयकार पुष्कळ, पोर्तुगीज पासपोर्टावर आलेले, रविवारच्या मिस्साला निम्मी ओळखीची तोंडं. स्विंडनपासून जवळच विल्टशरात बुश्टन म्हणून खेडं आहे. फादर थॉमस स्टीफन्स, 'ख्रिस्तपुराण'वाले, ते तिथले. १५४९ च्या आसपासचा जन्म. एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक धर्मगुरू होता येत नव्हतं, म्हणून देश सोडला, रोमला जाऊन जेझुइट झाले, १५७९ मध्ये गोव्यात पोचले ते परत आलेच नाहीत. त्यांचा मित्र टॉमस पाउंड इंग्लंडात राहिला आणि जवळपास तीस वर्षं तुरुंगांत काढली. स्टीफन्सनी गोव्यातल्या साष्टीत बसून ओव्या रचल्या, १६१६ मध्ये रायतूरला छापल्या.

आता त्याच भागात आमची गोंयची मुलं कॅथलिक शाळेत ब्रिटिश मूल्यं शिकतात. त्यांच्या शिक्षकांतल्या कोणाला तरी स्टीफन्स ठाऊक असेल का, मला शंका आहे. मी एकदा हेडना सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. पुढे काही नाही.

नास्तिक_नाना

स्टीफन्स ठीक. पण ते गोव्यात उतरले तेव्हा तिथे इन्क्विझिशन सुरू होऊन १९ वर्षं झाली होती. १५६० ते १८१२, मध्ये थोडा खंड. मायदेशात श्रद्धेपायी छळ नको म्हणून निघालेला माणूस जिथे गेला तिथे त्याचीच मंडळी तेच करत होती. १५८३ चं कुंकळ्ळी विसरू नका: गावकऱ्यांनी जेझुइटांना मारलं, मग पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना मारलं. हे शिकवणार का स्विंडनात?

आता मूळ विषय. माझा आक्षेप पानाला नाही, शाळेलाच आहे. जागा कमी पडल्या की कॅथलिक शाळा बाप्तिस्म्याचा दाखला मागते, काही ठिकाणी फादरची सही मागते. शेजारच्या घरातलं पोर बसने दोन मैल जातं, कारण त्याच्या कपाळावर पाणी पडलेलं नाही. पैसा करदात्यांचा. आणि आत गेल्यावर भिंतीवर पोस्टर: परस्पर आदर! नव्या फ्री स्कूल्सना (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र संस्थांनी चालवायच्या शाळांना) सरकारने अट घातली की जागा भरल्या तर निम्म्याच मुलांना धर्माच्या आधारावर घ्या, तर कॅथलिक चर्चने फ्री स्कूल काढायलाच नकार दिला. मूल्यं शिकवण्याआधी प्रवेशाचा फॉर्म दुरुस्त करा.

सांडोरचा_पोर

नाना, इन्क्विझिशनबद्दल वाद नाही. शिकवावं.

प्रवेशाबद्दल मात्र जरा थांबा. १८५० मध्ये इंग्लंडात बिशप पुन्हा नेमले गेले तेव्हा कॅथलिक म्हणजे बहुतेक दुष्काळातून आलेले आयरिश मजूर. बिशपांनी ठरवलं की आधी शाळा, मग चर्च. त्या शाळा मजुरांच्या पेन्यांवर उभ्या राहिल्या. १९४४ चा कायदा आला तेव्हा व्हॉलंटरी एडेड (चर्चच्या, पण सरकारी अनुदानावरच्या) शाळांच्या बांधकामाचा निम्मा खर्च चर्चने उचलायचा होता. आज तो दहा टक्के आहे. जमिनी, इमारती बऱ्याचशा चर्चच्या. सरकारने फुकटात दिलेलं दान नाहीये ते. आणि सरकारी देखभालीतल्या मुलांना आपापल्या गटात, म्हणजे कॅथलिकांना इतर कॅथलिकांच्या आणि बाकीच्यांना बाकीच्यांच्या, आधी घ्यावंच लागतं.

तुमचं पोर दोन मैल जातं हे मला चूकच वाटतं. पण त्यावर उपाय जास्त शाळा हा आहे, आमच्या शाळा मोडणं हा नाही.

नास्तिक_नाना

दहा टक्के देऊन शंभर टक्के मालकी. असा धंदा मलाही चालेल.

मधली_सुट्टी

पोस्टर, फॉर्म सगळं ठीक, पण खरी परीक्षा झाली ती पर्लीच्या जॉन फिशर शाळेत, २०२२ मध्ये. कोणीच का काढत नाहीये?

दक्षिण लंडनची मुलांची कॅथलिक शाळा. जागतिक पुस्तक दिनाच्या सुमारास कुमारवयीन मुलांसाठी लिहिणारा एक समलिंगी लेखक भेटीला येणार होता. सदर्कच्या धर्मप्रांताच्या शिक्षण विभागाने सांगितलं, भेट रद्द करा, हे कॅथलिक शिकवणुकीत बसत नाही. शाळेच्या गव्हर्नरांनी बहुमताने ठरवलं की भेट होऊ द्यावी. धर्मप्रांताने आपण नेमलेले गव्हर्नर काढून टाकले. भेट रद्द. शिक्षकांनी संप केला. ऑफस्टेडही येऊन गेलं.

आता चारही मूल्यं लावून बघा. लोकशाही: गव्हर्नरांचं बहुमत होतं. कायदा: आपण नेमलेले गव्हर्नर काढणं धर्मप्रांताच्या हातात होतं. स्वातंत्र्य: कोणाचं? पालकांचं, मुलांचं, लेखकाचं, की चर्चचं? आदर: ज्या मुलाला आपण समलिंगी आहोत हे नुकतं कळू लागलंय त्याने त्या आठवड्यात शाळेत काय ऐकलं असेल?

आणि शाळा कोणाच्या नावाची? सत्तेने सांगितलेलं सही करून द्यायला नकार देणाऱ्या बिशपच्या. इंग्लंडच्या सगळ्या बिशपांत ठाम उभा राहिलेला तो एकटा. काढलेल्या गव्हर्नरांपैकी कोणाला हे आठवलं असेल का, असं मला राहून राहून वाटतं.

फळा_खडू

मधली_सुट्टी, मी मुद्दाम काढलं नव्हतं, कारण नोकरी त्याच वर्तुळात आहे. पण आता निघालंच आहे तर.

२०१४ च्या मार्गदर्शिकेत यावर वाक्य आहे. शाळेने स्वतःच्या श्रद्धेशी विसंगत मतांचा प्रसार करावा अशी अपेक्षा नाही. मात्र कोणाची श्रद्धा, मत किंवा पार्श्वभूमी बघून त्याच्याशी भेदभाव करायला उत्तेजन देणं चालणार नाही. पर्लीच्या दोन्ही बाजू याच वाक्यावर बोट ठेवू शकतात. धर्मप्रांत म्हणेल, आम्हाला प्रसार करायचा नव्हता. शिक्षक म्हणतील, लेखक येऊन पुस्तकाबद्दल बोलला तर तो कसला प्रसार?

रोजच्या कामात मी काय करते ते सांगते. संबंध आणि लैंगिकता शिक्षण २०२० पासून माध्यमिकला सक्तीचं आहे. समलिंगी विवाहाचा कायदा काय आहे हे मी कायदा म्हणून शिकवते, पूर्ण, बिनकाटछाट. चर्चची शिकवण काय आहे हे चर्चची शिकवण म्हणून सांगते. मुलं विचारतात, 'मिस, तुमचं मत काय?' तेव्हा मी सांगत नाही. काही सहकाऱ्यांना हे पळपुटेपणाचं वाटतं. माझ्या मते ज्या मुलाबद्दल तुम्ही लिहिलंत त्याला माझ्या मतापेक्षा माझ्या वर्गात त्याच्यावर कोणी हसणार नाही याची खात्री जास्त हवी असते, आणि ती मी देते. त्या बाबतीत माझी शाळा मला एका शब्दाने अडवत नाही.

बर्मिंगहॅमची_शेजारीण

मी बर्मिंगहॅममध्ये शाळेत सहायक आहे. वाचतेय कालपासून. सगळे मोरबद्दल बोलताय. २०१४ मध्ये या शहरात जे झालं ते आमच्या डोळ्यांसमोर झालं. ते निनावी पत्र बनावट होतं असं आज बहुतेक जण मानतात. काही शाळांत गैर घडत होतं असं चौकशीत निघालंही. पण शिक्षकांवरचे सर्वांत मोठे खटले २०१७ मध्ये कोलमडले. मधल्या काळात या भागातल्या मुस्लिम मुलांना जो संशय सोसावा लागला त्याची भरपाई कोणी केली नाही.

आणि याच शहरात चाळीस वर्षं आधी, नोव्हेंबर १९७४ मध्ये पबमध्ये बॉम्ब फुटले, २१ माणसं गेली. सहा निरपराध आयरिश माणसं पकडली, १६ वर्षं आत ठेवली, १९९१ मध्ये सोडली. माझ्या आधी इथे काम केलेल्या आयरिश बाई सांगायच्या, त्या दिवसांत त्या बसमध्ये तोंड उघडत नसत, बोलण्याचा ढंग कळेल म्हणून. कॅथलिक शाळांतली तेव्हाची मुलं त्याच घरांतली.

म्हणून मला कोव्हेंट्रीकरांचं म्हणणं पटतं. हे धोरण मुस्लिमांवरच्या संशयातून आलं. कॅथलिक शाळेला तो संशय स्वतःच्या घरातून माहीत आहे. तिथे आज मुस्लिम मुलंही शिकतात. त्यांना 'आम्हीही तुमच्या जागी होतो' असं सांगू शकणारी शाळा दुसरी कुठली असेल? झेंडा लावलेलं पोस्टर बघून माझ्या वर्गातली काही मुलं गप्प होतात. १९७४ सांगितलं की हात वर येतात.

उद्देशिका

निवृत्त शिक्षक, सोलापूर. आमच्याकडे रोज परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणतात. मुलांना पाठ असते; अर्थ विचारला की खिडकीबाहेर बघतात. त्यामुळे इंग्लंडची पोस्टरं बघून हसावंसं वाटत नाही.

एक दाखला देतो. केरळमध्ये यहोवाचे साक्षीदार पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहत, पण गात नसत. शाळेने काढलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. आदराने उभी राहतात, तेवढं पुरे. सदसद्विवेकाविरुद्ध गायला लावता येणार नाही. मी हा निकाल नववीला सांगायचो. वर्गात दोन तट पडायचे, आणि उद्देशिकेतलं 'श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य' त्या दिवशी पोरांना समजायचं.

कॅथलिक शाळेत कॅथलिक नसलेल्या पोराला प्रार्थनेतून सुटका मागता येते का हो? आपल्याकडे अनुच्छेद २८ आहे.

कोव्हेंट्रीकर

सर, येते. पालक मुलाला प्रार्थना आणि धर्मशिक्षण या दोन्हींतून काढून घेऊ शकतात, कॅथलिक शाळेतही. सोळाच्या पुढची मुलं प्रार्थनेतून स्वतःच बाहेर पडू शकतात. आम्ही कधी मागितली नाही. आमच्या शाळेत फार कमी जण मागतात, पण तो हक्क आहे हे पानावर लिहिलेलं नाही. व्यक्तिस्वातंत्र्याच्या शीर्षकाखाली मी पहिलं वाक्य तेच घालणार आहे. हेड खूश होणार नाहीत.

सगळ्यांचं वाचून मसुदा फिरवला. आता साधारण असं आहे.

लोकशाहीखाली १८२९, आणि त्यासोबत गेलेली मतं. कायद्याखाली मोर, फिशर आणि मार्गारेट: कायदा चुकीचा वाटला तर माणसं काय काय करतात आणि कोणती किंमत मोजतात, हा यिअर सिक्सचा (प्राथमिकच्या शेवटच्या वर्गाचा) इतिहासाचा विषय. सोबत हेही की आजचा राजा कायद्याने अजून कॅथलिक असू शकत नाही. १७०१ चा कायदा तसा सांगतो, २०१३ मध्ये फक्त कॅथलिकाशी लग्न करायची मोकळीक मिळाली. आणि तरीही २०२३ च्या राज्याभिषेकात कॅथलिक कार्डिनलने राजाला आशीर्वाद दिला. मुलांना हे कोडं आवडेल.

आदराखाली दिवाळी राहील, माझी बायको शंकरपाळे देणारच. पण त्याबरोबर सांडोरवाल्यांनी दाखवलेलं स्मारक. मी जाऊन बघून आलो. तिथे मेरीच्या काळातल्या तिघांबरोबर आधीच्या लोलार्ड लोकांचीही (चर्चच्या शिकवणीला आव्हान देणाऱ्या इंग्लिश पंथाची) नावं आहेत. १५२० च्या सुमाराला जाळलेली साधी माणसं. आरोप काय, तर मुलांना प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा इंग्रजीतून शिकवल्या. आमची शाळा रोज सकाळी तीच प्रार्थना इंग्रजीतच म्हणते. कॅथलिक शाळेने मुलांना तिथे न्यावं असं मी सुचवलंय.

मंडळातल्या फादरांनी दोन मिनिटं वाचलं आणि 'चालेल' म्हणाले. विरोध आला दुसऱ्याच टोकाकडून. एका गव्हर्नरबाईंचं म्हणणं, निरीक्षकाला हे वाचायला वेळ नसतो, चार शब्द चार चौकटींत दिसले पाहिजेत.

फळा_खडू

चार शब्द ठळक अक्षरांत वर टाका, खाली तुमचं सगळं राहू द्या. आणि ते पान मुलांना वाचून दाखवा, कारण प्रश्न त्यांनाच विचारणार आहेत.

एक राहिलं. इतर धर्मांबद्दल काय शिकवता तेही लिहा. सोळाव्या वर्षाच्या परीक्षेला कॅथलिक शाळांत दुसरा धर्म म्हणून बिशपांनी ज्यू धर्म ठरवलाय. २०२३ च्या नव्या धर्मशिक्षण आराखड्यात मात्र सहापैकी एक शाखा 'संवाद आणि भेट' अशी आहे, आणि प्राथमिकला त्यात हिंदू, इस्लाम वगैरे बसवता येतं. शंकरपाळे त्या सदरात दाखवा. दोन्ही सासवा गप्प.

नास्तिक_नाना

स्मारकाची सहल चांगली आहे, मान्य. प्रवेशाचा फॉर्म पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आणताय का ते सांगा.

कोव्हेंट्रीकर

नाना, विषयपत्रिका अध्यक्ष ठरवतात आणि प्रवेशाचं धोरण धर्मप्रांताच्या सल्ल्याने ठरतं. तरी लेखी प्रश्न टाकतो. उत्तर आलं तर इथेच लिहीन.